हेराची लेखणी : मनोहर माळगांवकर

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. कळमेश्वरास आठवीच्या वर्गावर आम्ही संस्कृत शिकवीत होतों. शब्दरूपें घोकून घेण्याचें काम चाललें असतां मागल्या बांकावरील एका मुलाचे डोळे पुस्तकास अगदीं खिळलेले दिसले. 'राम' शब्दाच्या सप्तमींत इतकें रंगून जाण्याजोगें कांहीं नसतें, हें आमच्याइतकें कोणास ठाऊक असणार? जवळ जाऊन पाहिलें, तों पाठ्यपुस्तकाच्या पोटांत दुसरें एक चिमुकलें पुस्तक! बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा. वेष्टन केव्हांच गळून गेलेलें, पानें पिवळीं पडलेलीं. आम्हीं तें ओढून घेतलें, सर्व वर्गादेखत मधोमध फाडलें आणि केराच्या टोपलींत टाकलें. मुलगा रडला नाहीं. त्यानें टोपलीकडे एकवार पाहिलें आणि 'रामे रामयोः रामेषु' म्हणावयास सुरुवात केली. आपण एक सत्कृत्य केलें अशा समाधानांत आम्ही त्या दिवशीं घरीं गेलों.

तो मुलगा पुढें सैन्यांत गेला. बेळगांवास मराठा लाइट इन्फंट्रीचें केंद्र आहे, तेथें त्याचें शिक्षण झालें आणि कारकुनी शाखेंत चोवीस वर्षें नोकरी करून तो परत आला. गेल्या दिवाळींत नमस्कारास आला तेव्हां त्यानें वर्तमानपत्रांत गुंडाळलेलीं दोन इंग्रजी पुस्तकें आमच्यापुढें ठेविलीं आणि म्हणाला, "गुरुजी, हींही एका हेराचींच आहेत. पण फाडूं नका, आमच्याच पलटणींतल्या साहेबांचीं आहेत."

पुस्तकें होतीं 'डिस्टंट ड्रम' आणि 'ए बेंड इन द गँजेस'. लेखक मनोहर माळगांवकर. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. कोश शेजारीं ठेवून संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आम्हीं तीं दोन्ही पुरीं केलीं आणि मग त्याच लेखकाचीं आणखी मिळतील तीं मिळवून वाचलीं. त्या वाचनांतून आम्हांस जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

माळगांवकरांचें घराणें मराठी. आजोबा माळव्यांतील देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे दिवाण होते. याच देवासांत १९२१ सालीं ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले होते. त्या दिवसांवरील त्यांचें 'द हिल ऑफ देवी' हें पुस्तक १९५३ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९६४ सालीं दिवाणांच्या नातवाची 'ए बेंड इन द गँजेस' निघाली, तेव्हां त्या वर्षाच्या उत्तम कादंबऱ्यांत तिची गणना करणारे हेच फॉर्स्टर! संस्थानी दरबार म्हणजे कारस्थानांचें माहेरघर. भिंतीला कान असतात असें आपण बोलण्याच्या ओघांत म्हणतों. दिवाणाच्या घरीं ती रोजच्या व्यवहाराची गोष्ट असावयाची. 'द प्रिन्सेस' (१९६३) या कादंबरींतील बेगवाड नांवाचें कल्पित संस्थान ज्यानें वाचलें असेल त्यास, या लेखकास हेरगिरीचें बाळकडू सैन्यांत जाण्यापूर्वींच दरबाराच्या ओसरीवर मिळालें होतें, असें आमच्याप्रमाणेंच वाटेल.

जन्म १२ जुलै १९१३ चा. पदवीधर होऊन माळगांवकर प्रथम काय झाले असतील? धंदेवाईक शिकारी! हौशी साहेबलोकांस वाघाच्या शिकारीस घेऊन जावयाचें, हा त्यांचा सुमारें दोन वर्षें उद्योग होता. नंतर सरकारी नोकरी, आणि १९४२ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, मराठा लाइट इन्फंट्रींत अधिकारी म्हणून प्रवेश. तेथें ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढले, लष्कराच्या मुख्य कचेरींत राहिले आणि शत्रूचे हेर हुडकून काढणाऱ्या खात्यांतही त्यांनीं काम केलें. १९५२ सालीं लष्कर सोडलें. त्यानंतर मँगनीजच्या खाणी चालविल्या. (मँगनीज म्हणजे काय, आणि त्या धंद्यांत माणूस कसा वर जातो व कसा खालीं येतो, हें आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडील वाचकांस सांगावयास नको.) लोकसभेच्या निवडणुकीसही उभे राहिले आणि पडले. अखेर कारवार जिल्ह्यांतील, लोंढ्याच्या जवळच्या जगलबेट या रानांतल्या गांवीं शेती करूं लागले. पहिलें पुस्तक प्रसिद्ध झालें तें १९५९ सालीं, म्हणजे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं. १४ जून २०१० रोजीं, शहाण्णव वर्षांचें आयुष्य भोगून, जगलबेटासच त्यांनीं देह ठेविला.

या सर्व उद्योगांत शिकार आणि तें खातें, या दोहोंचा परस्परसंबंध आम्हांस फार जवळचा वाटतो. माचाणावर बसणाऱ्यास हालचाल करतां येत नाहीं, खोकतां येत नाहीं. समोर बांधलेलें रेडकूं मरणार हें ठाऊक असूनही स्वस्थ बसावें लागतें. माळगांवकरांनीं पुढें बंदूक खालीं ठेविली आणि वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कैवार घेतला. परंतु त्या रेडकाची आठवण त्यांच्या कादंबऱ्यांतून कधीं गेली नाहीं. त्यांच्या बहुतेक कथांत कोणीतरी आमिष म्हणून बांधलेला असतो आणि बांधणारा त्याच्या ओळखीचा असतो.

आतां त्या खात्याविषयीं. परमुलखांत जाऊन माहिती आणणारा हेर निराळा आणि घरांत शिरलेला हेर शोधणारा निराळा. पहिल्याची दृष्टि सीमेपलीकडे असते. दुसऱ्याला मात्र आपल्याच छावणींत, आपल्याच पंगतीला बसलेल्या माणसांकडे पाहावें लागतें. हा वेळेवर पत्र कां टाकत नाहीं, यास इतका पैसा कोठून येतो, हा मला इतका कां मानतो? ज्यानें वर्षानुवर्षें असे प्रश्न मनांत वागविले, त्याच्या लेखणीस शत्रूपेक्षां मित्राचें भय अधिक वाटावें यांत नवल नाहीं. माळगांवकरांचें सारें कादंबरीलेखन या एका भयाभोंवतीं फिरतें, असें आमचें मत झालें आहे.

गंमत अशी, कीं ज्यांवर हेरकथेचा शिक्का आहे त्या त्यांच्या पुस्तकांत हें भय सर्वांत कमी आहे. 'स्पाय इन अंबर' (१९७१) नांवाप्रमाणें हेरकथा. घटना भराभर घडतात, पानें उलटतात, आणि पुस्तक मिटल्यावर मनांत कांहीं मागें उरत नाहीं. 'शालिमार' तर १९७८ च्या त्याच नांवाच्या चित्रपटाची कादंबरी. ज्यास खरी विद्या येत होती त्यानें ती तेथें खर्चच केली नाहीं! त्यामानानें आणीबाणीच्या काळाची छाया असलेली 'द गार्लंड कीपर्स' बरी. सत्ताधीशाच्या गळ्यांत घालावयास हार घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांचें निरीक्षण तींत आहे. दिवाणाच्या नातवास तें दृश्य नवें नव्हतें.

खरें हेरपण वाचावयाचें असेल तर 'ए बेंड इन द गँजेस' वाचावी. आरंभीं विलायती कपड्यांची होळी आहे. ग्यान तलवार नांवाचा एक तरुण गांधीजींच्या शब्दानें भारावून आपला आवडता कोट त्या होळींत टाकतो. देबीदयाळ हा श्रीमंताचा मुलगा, तो एका गुप्त क्रांतिमंडळांत आहे. मंडळाचा पुढारी शफी उस्मान. हिंदु-मुसलमान असा भेद मानावयाचा नाहीं ही त्या मंडळाची शपथ. परंतु पोलिसांची धाड येणार ही बातमी शफीला लागते तेव्हां तो आपल्या धर्माच्याच सोबत्यांना सावध करतो; बाकीचे सांपडतात. देबी अंदमानांत जातो. ग्यानही एका खुनापायीं तेथेंच येतो आणि तुरुंगाधिकाऱ्याची मर्जी राखण्यासाठीं देबीचा बेत फोडतो. इतक्यांत मार्च १९४२ मध्यें जपानी अंदमानांत उतरतात आणि देबी त्यांचा माणूस होऊन हिंदुस्थानांत परततो. शेवट फाळणीच्या रक्तपातांत होतो.

या कथानकांत अदृश्य शाई नाहीं, चोरदरवाजे नाहींत. परंतु एकही नातें असें नाहीं, कीं ज्याच्या आंत दुसरें एक नातें लपलेलें नाहीं. शफी दुष्ट आहे काय? ज्यांना सावध केलें त्यांच्या दृष्टीनें तो तारणहारच. ग्यान भित्रा आहे, पण अहिंसेचें व्रत घेतांना तो खोटें बोलत नव्हता. फितुरी करणारा मनुष्य त्या क्षणीं दुसऱ्या कशाशीं तरी इमान राखीत असतो, हें माळगांवकर न सांगतां दाखवितात. एवढें पुस्तकी विद्येनें कळत नाहीं. अशा माणसांसमोर बसून ज्यानें त्यांचे जबाब ऐकले असतील त्यासच तें साधावें.

'डिस्टंट ड्रम' (१९६०) त्याहून साधी आणि आम्हांस अधिक प्रिय. एक कारण अगदीं स्थानिक आहे, तें कबूल करतों. त्या कादंबरींतील पलटणीचें नांव 'सातपुडा'! आमच्या कळमेश्वराहून इटारसीची गाडी काटोलकडून जी पुढें निघते ती सातपुड्यांतच शिरते. लहानपणापासून पाहिलेल्या डोंगराचें नांव इंग्रजी कादंबरींत पलटणीच्या बिल्ल्यावर वाचून आमचा ऊर भरून आला, मग तें कल्पित कां असेना. नायक किरण गरुड आणि त्याचा जिवलग अब्दुल जमाल, दोघेही याच पलटणींतले अधिकारी. फाळणीनंतर अब्दुल पाकिस्तानच्या सैन्यांत जातो. काश्मीरांत युद्धबंदी-रेषेवर दोघे समोरासमोर येतात आणि जुन्या दिवसांप्रमाणें बसून बोलतात. वरिष्ठांस तें खपत नाहीं. शत्रूच्या अधिकाऱ्याशीं गुजगोष्टी करणारा मनुष्य विश्वासू कीं अविश्वासू, हा प्रश्न एके काळीं या लेखकापुढें कागदावर येत असेल. कादंबरींत त्यानें त्याचें उत्तर मित्राच्या बाजूनें दिलें. पुस्तक वाचून झाल्यावर आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास विचारलें, "हें सारें सैन्यांत असेंच असतें काय?" तो हंसून म्हणाला, "गुरुजी, जें सांगतां येतें तें त्यांनीं लिहिलेंच आहे."

'द डेव्हिल्स विंड' (१९७२) मध्यें स्वतः नानासाहेब पेशवे आपली कथा सांगतात. इंग्रजांनीं त्यांच्या मस्तकावर एक लक्ष रुपयांचें बक्षीस लाविलें होतें आणि पुढें कित्येक वर्षें ठिकठिकाणच्या बैराग्या-गोसाव्यांस नानासाहेब समजून पकडण्याचा सपाटा चालविला होता. आपलें नांव गिळून परक्या वेषांत जगणाऱ्या माणसाचें मन हा खरा हेराचा विषय. माळगांवकर त्या मनांत शिरले आणि 'मी' म्हणून बोलले. पेशव्यांच्या रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्या घरांतही हें पुस्तक फारसें कोणी वाचलेलें आम्हांस आढळलें नाहीं.

विलायतेंत हेरखात्यांतून आलेल्या कादंबरीकारांची एक परंपराच आहे. सॉमरसेट मॉम पहिल्या महायुद्धांत स्वित्झर्लंडांत व रशियांत हेर होते. 'अॅशेंडन' (१९२८) ही त्याची फलश्रुति. ग्रॅहम ग्रीन दुसऱ्या महायुद्धांत आफ्रिकेंतील फ्रीटाऊन येथें होते. इयान फ्लेमिंग आरमाराच्या गुप्तवार्ता खात्यांत होते. त्यांनीं जेम्स बाँड निर्माण केला, त्याविषयीं जास्त लिहिण्याची आवश्यकता नाहीं. या सर्वांत ज्यांचें आयुष्य त्यांच्या कादंबऱ्यांशीं एकजीव झालें ते जॉन ल कॅरे (१९३१–२०२०). खरें नांव डेव्हिड कॉर्नवेल. बाप लोकांस ठकविणारा, तुरुंग पाहून आलेला. आई पांचव्या वर्षीं घर सोडून गेली. घरांत काय खरें आणि काय खोटें हें ज्या मुलास ओळखावें लागलें, तो हेरखात्यांत गेला याचें आश्चर्य वाटत नाहीं. आणखी एक योगायोग पाहावा. किम फिल्बी हा इंग्रजांच्या हेरखात्यांतील वरिष्ठ अधिकारी रशियास फितूर झालेला होता. १९६३ सालीं तो मॉस्कोस पळून गेला. याचा जन्म आपल्या अंबाल्याचा, १९१२ चा, आणि 'किम' हें टोपणनांव किप्लिंगच्या १९०१ मधील कादंबरीवरून पडलेलें. त्या कादंबरींतील किमही गुप्त निरोप पोहोंचवावयास अंबाल्यासच जातो! अशाच घरभेद्याचा शोध ल कॅरे यांनीं 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७४) मध्यें रंगविला.

परंतु आम्हां संस्कृतज्ञांस हें सर्व वाचतांना विशाखदत्ताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. 'मुद्राराक्षसा'च्या पहिल्या अंकांत यमपट घेऊन हिंडणारा निपुणक चाणक्यास येऊन सांगतो, कीं जीवसिद्धि नांवाचा क्षपणक राक्षसाच्या पक्षाचा आहे. चाणक्य मनांत हंसतो, कारण जीवसिद्धि त्याचाच हेर असतो! हेरांनीं एकमेकांस ओळखूं नये हा कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा नियम विशाखदत्तानें असा नाटकांत उतरविला. विशाखदत्त सामंताचा नातू होता, एवढें त्या नाटकाच्या प्रस्तावनेवरून समजतें. माळगांवकर दिवाणाचे नातू. ही जात एकच असावी. आणि राक्षस अखेर कशानें हरतो? सैन्यानें नव्हे. चंदनदास या मित्राचा जीव वांचविण्यासाठीं तो शस्त्र खालीं ठेवितो. ल कॅरे यांच्या 'स्मायलीज पीपल' (१९७९) मध्यें कार्ला हा रशियाचा हेरनायक आपल्या मुलीवरील मायेपायीं असाच शत्रूच्या हातीं येतो. शत्रूच्या दुर्गुणांनीं नव्हे, त्याच्या सद्गुणानें त्याला पकडावयाचें! मुलांना हें नाटक शिकवितांना चाणक्याच्या बुद्धीची स्तुति आम्हीं पुष्कळ केली. चंदनदासाच्या बायकोमुलांविषयीं चकार शब्द काढला नाहीं. ती चूक माळगांवकर वाचल्यावर ध्यानांत आली.

त्यांच्या लेखनांत दोष नाहींत असें नाहीं. स्त्रीपात्रें बहुधा पुरुषांच्या नजरेंतूनच दिसतात. साहेबी क्लब आणि मद्याचे पेले यांचें वर्णन आमच्यासारख्यास कंटाळवाणें होतें. इंग्रजींत लिहिल्यामुळें मराठी घरांशीं त्यांचा संबंध तुटला, ही त्याहून मोठी हानि. कान्होजी आंग्र्यांवरील त्यांचें पहिलें पुस्तक पु. ल. देशपांडे यांनीं मराठींत आणलें आहे. घरोघर पु. लं.चें नांव म्हणून तें कपाटांत असतें आणि मूळ लेखकाचें नांव विचारलें तर उत्तर येत नाहीं. आम्हांसही गेल्या दिवाळीपर्यंत आलें नसतें.

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांची तऱ्हा अगदीं उलट. खरें नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड हे मराठी मुलांना घरच्या माणसांसारखे ठाऊक होते. माळगांवकरांस गुप्त गोष्टी ठाऊक होत्या आणि त्यांनीं त्या झांकून ठेविल्या. अर्नाळकरांनीं त्या नुसत्या कल्पनेनें उभ्या केल्या आणि मुठी भरभरून वांटल्या. आमच्यासारख्या घरांत हीं पुस्तकें उशाखालीं लपवून वाचावीं लागत, आणि लपवून वाचणाराच पुढें वाचक होई. सैन्यांत गेलेला आमचा विद्यार्थी माळगांवकरांपर्यंत पोहोंचला तो कालिदासाच्या वाटेनें नव्हे, त्या पिवळ्या पानांच्या वाटेनें.

त्या दिवशीं फाडलेल्या पुस्तकाचें नांव काय, असें आम्हीं त्यास विचारलें. वेष्टनच नव्हतें, त्यामुळें तें त्यासही ठाऊक नाहीं. तें पुस्तक दुसऱ्या मुलाचें होतें आणि त्याची भरपाई म्हणून आपण दोन आठवडे त्याचा गृहपाठ लिहून दिला, एवढें मात्र त्यानें सांगितलें. एक मनुष्य रात्रीं वाड्याच्या गच्चीवर चढतो, खालीं दिवा विझतो, इतकें त्याचें वाचून झालें होतें. पुढें काय झालें तें त्यास आजतागायत कळलेलें नाहीं. एवढ्या खुणेवर आम्ही सीताबर्डीवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोनदां जाऊन आलों. दुकानदार म्हणतो, गच्चीवर चढणारा मनुष्य निम्म्या पुस्तकांत आहे. पुढल्या महिन्यांत पेन्शनच्या कामासाठीं नागपूरला जाणें आहे, तेव्हां पुन्हां पाहूं.